फाइलीत नाव, कबरीवर ‘अज्ञात’: मायकेल ब्लासीचे प्रकरण

११ मे १९७२ रोजी दक्षिण व्हिएतनाममधल्या आन लॉक गावाजवळ अमेरिकी हवाई दलाचे एक ए-३७ ड्रॅगनफ्लाय विमान विमानवेधी तोफांच्या माऱ्यात सापडले. वैमानिक होता फर्स्ट लेफ्टनंट मायकेल जोसेफ ब्लासी, वय २४. मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसचा मुलगा, पाच भावंडांत थोरला, १९७० साली हवाई दलाच्या अकादमीतून बाहेर पडलेला. जानेवारीत तो व्हिएतनामला आला आणि चार महिन्यांत त्याच्या नावावर शंभराहून अधिक उड्डाणे जमा झाली होती. बरोबरच्या विमानातल्या वरिष्ठाने मायकेलचे विमान उलटे होऊन कोसळताना डोळ्यांनी पाहिले.

मार्चअखेरीस उत्तर व्हिएतनामच्या फौजांनी मोठी चढाई सुरू केली होती. आन लॉकला वेढा पडला होता आणि विमान पडले तो भाग शत्रूच्या ताब्यात होता. मृतदेह आणायला जाणाऱ्यांचाच जीव गेला असता, म्हणून कोणालाच तिथे पोहोचता आले नाही. हवाई दलाने घरी कळवले: युद्धात मृत्यू, मृतदेह मिळालेला नाही.

लष्कराच्या हिशेबात ही नोंद ‘बेपत्ता’पेक्षा वेगळी असते. बेपत्ता सैनिक जिवंत असण्याची शक्यता गृहीत धरलेली असते. मायकेलच्या बाबतीत ती आशा पहिल्या दिवसापासून नव्हती. पण आई जीन आणि वडील जॉर्ज यांच्या दृष्टीने पाहिले तर फरक फारसा उरत नाही. मुलगा गेला हे कागद सांगतो, तो कुठे आहे हे मात्र कोणीच सांगत नाही. सव्वीस वर्षे हे घर त्याच अवस्थेत राहिले. ती वर्षे टळू शकली असती, म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहण्यासारखे आहे.

सापडले, आणि पुन्हा हरवले

विमान पडल्यानंतर पाच महिन्यांनी, ऑक्टोबर १९७२ मध्ये, दक्षिण व्हिएतनामी सैन्याची एक गस्ती तुकडी त्या जागेपर्यंत पोहोचली. तिला सहा हाडे मिळाली: चार बरगड्या, एक दंडाचे हाड आणि कमरेच्या हाडाचा तुकडा. सोबत वैमानिकाच्या पोशाखाचे तुकडे, पॅराशूटचे अवशेष, एका माणसापुरता हवेने फुगणारा तराफा, पिस्तुलाचे म्यान. आणि मायकेल ब्लासीचे ओळखपत्र.

आन लॉकमधल्या अमेरिकी सल्लागारांनी ते ओळखपत्र पाहिले होते, त्यावरचा फोटोही. हे सगळे सायगॉनच्या लष्करी शवागाराकडे रवाना झाले. हाडे आणि तराफा पोहोचला, ओळखपत्र पोहोचले नाही. मधल्या प्रवासात ते कोणी काढून घेतले की हलगर्जीपणाने पडले, याचा छडा कधी लागला नाही. शवागाराने अवशेषांवर ‘ब्लासी असावा’ अशी नोंद केली आणि पुढची आठ वर्षे ते याच नोंदीखाली राहिले. सायगॉनहून थायलंड, तिथून १९७६ साली अमेरिकेच्या हवाई बेटांवरची लष्कराची मध्यवर्ती ओळख प्रयोगशाळा.

या टप्प्यावर मी नेहमी थांबतो. ‘असावा’ हा शब्द फाइलीत आहे, अवशेष अमेरिकेच्या भूमीवर आहेत, आणि सेंट लुईसमध्ये राहणाऱ्या आईवडिलांना यातले अक्षरही माहीत नाही. खात्री नसताना घरच्यांना उगाच आशा का लावायची, असा विचार त्यामागे असू शकतो आणि तो अगदीच निर्दय नाही. पण घरच्यांना कळले असते तर फाइलीवर लक्ष ठेवणारे कोणीतरी राहिले असते. प्रयोगशाळेसाठी हे अनेक प्रकरणांपैकी एक होते, आणि ज्या घरासाठी ते एकमेव होते त्याला बाहेर ठेवले गेले.

हवाईच्या प्रयोगशाळेत १९७८ साली हाडांची मापे घेतली गेली. त्या काळच्या पद्धतीनुसार हाडांवरून वय आणि उंचीचा अंदाज बांधत. अंदाज आला तो मायकेलशी जुळेना: वय जास्त, उंची कमी. पोशाखाला चिकटलेल्या केसांवरून ठरवलेला रक्तगटही वेगळा निघाला. या आधारावर १९८० मध्ये ब्लासीचे नाव अवशेषांवरून काढले गेले आणि त्यांना नवा क्रमांक मिळाला, एक्स-२६.

मापे घेणाऱ्यांनी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. सहा हाडांवरून वय आणि उंची काढणे हा मुळातच कच्चा अंदाज होता आणि तेव्हा हाताशी तेवढेच साधन होते. खटकते ते वेगळेच. त्याच पुडक्यात दुसरा एक पुरावा होता, त्याला मापपट्टीची गरजच नव्हती. आन लॉकच्या परिसरात त्याच दिवशी आणखी एक अमेरिकी वैमानिक हरवला होता, लष्कराचा कॅप्टन रॉडनी स्ट्रोब्रिज. हाडांच्या मापांशी त्याचे वर्णन अधिक जुळत होते. पण स्ट्रोब्रिज कोब्रा हेलिकॉप्टर चालवायचा. एका माणसाचा तराफा आणि पॅराशूट हे सामान आसनासकट बाहेर फेकले जाणाऱ्या विमानाच्या वैमानिकाकडे असते, कोब्राच्या वैमानिकाकडे नसते. पुडक्यातला तराफा स्पष्ट सांगत होता की ही हाडे ए-३७ सारख्या विमानातून आलेल्या माणसाची आहेत. त्या परिसरात असा माणूस म्हणजे ब्लासी. कोष्टकातल्या आकड्यांना वजन मिळाले, वस्तूंना मिळाले नाही. हाडे बघणारा एक आणि वस्तू बघणारा दुसरा असे विभाग पडले की असे होते, आणि हे काही फक्त लष्करात घडत नाही.

रिकामी कबर भरायची होती

आता त्या वर्षांचे वातावरण लक्षात घ्यायला हवे, कारण त्यावाचून पुढचा निर्णय समजत नाही.

वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत अज्ञात सैनिकाचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातला एक अनामिक सैनिक तिथे १९२१ साली पुरला गेला, १९५८ मध्ये दुसऱ्या महायुद्धातला आणि कोरियन युद्धातला असे आणखी दोन आले. १९३७ पासून तिथे रात्रंदिवस पहारा असतो. पहारेकरी २१ पावले चालतो, २१ सेकंद थांबतो, वळतो, पुन्हा २१ पावले. व्हिएतनाम युद्धातलाही एक सैनिक इथे असावा असा कायदा अमेरिकी काँग्रेसने १९७३ सालीच केला होता आणि त्यासाठी कबरही बांधून तयार होती. पण पुरायला अज्ञात माणूस मिळेना. हेलिकॉप्टरमुळे बहुतेक मृतदेह लवकर परत येत, नोंदी आधीपेक्षा चांगल्या होत्या, प्रयोगशाळा एकेकाची ओळख पटवत होती. खरे तर ही अभिमानाची गोष्ट. पण व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांना ती रिकामी जागा टोचत होती. देशाने त्यांचे युद्ध नाकारले, त्यांना परतल्यावर मान दिला नाही, आणि आता आर्लिंग्टनमध्येही त्यांचा कोणी नाही, ही त्यांची वेदना खरी होती. वर्षे जात होती, दबाव वाढत होता, आणि ओळख न पटलेले अवशेष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. त्यांत एक्स-२६ होता.

तेव्हाही विरोध झाला होता. बेपत्तांच्या कुटुंबांना भीती वाटत होती की एकदा हा समारंभ झाला की सरकार शोध थांबवेल आणि प्रकरण मिटले असे धरले जाईल. त्यांची शंका धोरणाबद्दल होती. निवडलेल्या त्या एका माणसाची फाइल पुन्हा उघडून पाहा, असे म्हणायला त्यांना जागाच नव्हती, कारण फाइलीत काय आहे हे त्यांना कोण सांगणार?

२८ मे १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या हस्ते समारंभ झाला. अज्ञात सैनिकाला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचा सर्वोच्च शौर्य सन्मान, देण्यात आला. रेगन यांचे त्या दिवशीचे भाषण गाजले. हा मुलगा एखाद्या मोठ्या शहराच्या रस्त्यावर खेळला असेल का, की बापाबरोबर शेतात राबला असेल, त्याचे लग्न झाले होते का, मुलेबाळे होती का, असे प्रश्न त्यांनी विचारले आणि उत्तरे कधीच कळणार नाहीत असे म्हटले. बेपत्तांचा पूर्ण हिशेब लागेपर्यंत हा विषय संपणार नाही, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. त्यांच्या मनात खोट होती असे मानायला मला काही कारण दिसत नाही. पण त्या प्रश्नांची उत्तरे होती. तो सेंट लुईसमध्ये वाढला होता. त्याला आईवडील होते, चार भावंडे होती. त्याचे नाव आठ वर्षे त्याच अवशेषांवर लिहिलेले होते.

१९८२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाची काळी ग्रॅनाइटची भिंत उभी राहिली होती आणि तिच्यावर मायकेल जे. ब्लासी हे नाव कोरलेले होते. भिंत पोटोमॅक नदीच्या एका काठाला, आर्लिंग्टन दुसऱ्या काठाला. १९८४ ते १९९८ अशी चौदा वर्षे एकाच माणसाचे नाव नदीच्या एका बाजूला होते आणि हाडे दुसऱ्या बाजूला. लोक दोन्हीकडे जाऊन फुले वाहत होते.

हा सारा आदर वाया गेला असे म्हणणे मला पटत नाही. आपला मुलगा कधीच न मिळालेल्या कितीतरी आया आर्लिंग्टनला जात, आणि या दगडाखाली कदाचित माझाच असेल, या विचारावर त्यांनी दिवस काढले असतील. अज्ञात सैनिकाच्या कबरीचे काम तेच असते. ती कोणा एकाची नसते म्हणून सगळ्यांची होते. पण त्यासाठी एक अट पाळावी लागते: तिच्यातला माणूस खरोखरच कोणालाही ओळखता न येणारा असला पाहिजे. ज्याची ओळख पटण्याची शक्यता शिल्लक आहे त्याला तिथे ठेवले, तर सर्वांच्या सांत्वनासाठी एका घराकडून त्याचा माणूस काढून घेतल्यासारखे होते, तेही न विचारता. आणि सन्मान जितका मोठा तितके ते झाकण जड. एक्स-२६ हवाईच्या कपाटात राहिला असता तर त्याची पेटी उघडायला प्रयोगशाळेतल्या एका निर्णयापलीकडे काही लागले नसते. आर्लिंग्टनच्या संगमरवराखालून त्याला काढायला संरक्षणमंत्र्यांचा आदेश लागला.

विज्ञानाची गोष्ट तर आणखी चुटपुट लावते. समारंभ मे महिन्यात झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची पद्धत सापडली. जुन्या हाडांवर ती चालायला आणखी काही वर्षे गेली हे खरे, पण कोणत्या अवशेषांची ओळख ‘कधीच पटणार नाही’ हे त्या दिवसाच्या तंत्रावरून ठरवणे किती धोक्याचे असते, ते यातून दिसते.

नाव परत मिळवताना

१९९४ साली टेड सॅम्पली या माजी सैनिकाने आपल्या पत्रकातून मांडले की आर्लिंग्टनमधला अज्ञात सैनिक बहुधा मायकेल ब्लासी आहे. आन लॉकमध्ये काय सापडले, कुठले विमान, कोणती तारीख, यांची त्याने जुळणी केली होती. कुटुंबाने हवाई दलाकडे चौकशी केली, तेव्हा याला आधार नाही असे उत्तर मिळाले. वडील जॉर्ज तोवर वारले होते. पुढे सीबीएस वाहिनीच्या वार्ताहराने कागद शोधून काढले आणि जानेवारी १९९८ मध्ये बातमी देशभर गेली.

आता कुटुंबापुढे अवघड प्रसंग होता. कबर उघडा अशी मागणी करणे म्हणजे देशाच्या सर्वांत पवित्र जागेला हात लावा म्हणणे. काही माजी सैनिकांनी उघड विरोध केला. एका शक्यतेसाठी सगळ्यांची कबर का उकरायची, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो सरळ मनाने विचारलेला होता. जीन आणि मायकेलची बहीण पॅट्रिशिया, जी स्वतः हवाई दलात अधिकारी होती, मागे हटल्या नाहीत. मला त्यांचे म्हणणे योग्य वाटते. शंका लोकांसमोर आल्यावर कबरीचे पावित्र्य तसेही उरले नव्हते. आत कोण आहे हे कोणालातरी माहीत असू शकते, आणि तरी आपण पाहायचे नाही असे ठरवतो, तर पहारा नेमका कशावर द्यायचा?

संरक्षणमंत्री विल्यम कोहेन यांनी परवानगी दिली. १४ मे १९९८ रोजी कबर उघडली. हाडांमधून मायटोकॉन्ड्रियामधला डीएनए काढण्यात आला. हा डीएनए आईकडूनच मुलांकडे येतो. पेशीत त्याच्या प्रती पुष्कळ असतात, म्हणून जुन्या, झिजलेल्या हाडातही तो हाती लागण्याची शक्यता जास्त असते. तुलनेसाठी जीन आणि पॅट्रिशिया यांचे रक्त घेतले गेले. त्या भागात हरवलेल्या इतर वैमानिकांच्या मातृकुळातल्या नातेवाइकांचेही नमुने घेतले. ३० जून रोजी निकाल जाहीर झाला. डीएनए ब्लासी कुटुंबाशी जुळला, इतरांशी जुळला नाही. १९७८ ची मापे चुकली होती, १९७२ ची नोंद बरोबर होती.

११ जुलै १९९८ रोजी मायकेल सेंट लुईसमधल्या जेफरसन बॅरॅक्स राष्ट्रीय दफनभूमीत, स्वतःच्या नावाच्या दगडाखाली पुरला गेला.

यातून पुढे काय झाले

आर्लिंग्टनमधल्या व्हिएतनामच्या कबरीत दुसरा कोणी ठेवायचा नाही असे ठरले. १९९९ साली तिच्यावर नवा लेख कोरण्यात आला: अमेरिकेच्या बेपत्ता सैनिकांचा सन्मान आणि त्यांच्याशी राखलेली निष्ठा, १९५८ ते १९७५. मला हा निर्णय संपूर्ण प्रकरणातला सर्वांत समंजस वाटतो. जागा भरायची घाई नडली होती, आता रिकाम्या जागेलाच अर्थ दिला. तिथे उभ्या राहणाऱ्या आईला ‘कदाचित इथेच असेल’ असे म्हणता येणार नाही, पण तुझा मुलगा अजून आमच्या हिशेबात आहे, असे तो दगड तिला सांगतो. व्हिएतनाम युद्धातले दीड हजारांहून अधिक अमेरिकी आजही परत आलेले नाहीत, त्यामुळे त्या वाक्यात नुसती औपचारिकता नाही.

अमेरिकी लष्कराने १९९२ पासून भरती होणाऱ्यांच्या रक्ताचे नमुने राखून ठेवायला सुरुवात केली होती, त्यामुळे पुढच्या युद्धांत असा ‘अज्ञात’ सैनिक निघण्याची शक्यता फार कमी झाली आहे. जुन्या युद्धांचे मात्र तसे नाही. तिथे आधार म्हणजे नातेवाइकांचे नमुने, आणि मायटोकॉन्ड्रियासाठी ते आईच्या बाजूचे हवेत. आया वारतात, बहिणी वारतात, मावश्यांची मुले दुसऱ्या गावी निघून जातात आणि आपल्या आजीचा भाऊ युद्धात हरवला होता हेच त्यांना ठाऊक नसते. बेपत्ता माणसाची आठवण ठेवायची तर दरवर्षी हार घालण्यापेक्षा त्याच्या मातृकुळातले कोण कुठे आहेत याची यादी नीट ठेवणे अधिक मोलाचे ठरू शकते. मायकेलच्या बाबतीत आई आणि बहीण दोघी हयात होत्या, ही त्याच्या वाट्याची मोठी जमेची बाजू.

एका गोष्टीत कुटुंबाला नकार मिळाला. १९८४ मध्ये दिलेले मेडल ऑफ ऑनर मायकेलच्या नावावर करावे अशी त्यांची मागणी होती. संरक्षण खात्याने ती मान्य केली नाही. ते पदक व्हिएतनामच्या सगळ्या अनामिकांचे प्रतीक म्हणून दिले होते, एका वैमानिकाच्या विशिष्ट पराक्रमासाठी नव्हे, असे कारण देण्यात आले. नियमाने पाहिले तर हे बरोबर आहे. त्याच्या स्वतःच्या कामगिरीसाठी त्याला सिल्व्हर स्टार मिळालेला होताच. तरीही चौदा वर्षे ज्याने तो भार आपल्या नावाशिवाय वाहिला, त्याच्या घरी त्या सेवेची एखादी वेगळी नोंद पोहोचायला हवी होती असे मला वाटते.

आणि रॉडनी स्ट्रोब्रिज. हाडांची मापे ज्याच्याकडे बोट दाखवत होती तो. १९९८ च्या त्या आठवड्यांत त्याच्या घरच्यांनीही निकालाची वाट पाहिली. ब्लासींकडे जो कागद ओळख घेऊन आला, त्याच कागदाने स्ट्रोब्रिज कुटुंबाला कळवले की ती हाडे त्यांच्या माणसाची नाहीत. आन लॉकच्या परिसरातला शोध त्यांच्यासाठी तिथून पुन्हा सुरू होणार होता.